पिस्तुलाची निगा आणि शिपायाचा जीव

ऑक्टोबर २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील संभल जिल्ह्यात पोलीस आणि गुन्हेगार यांच्यात चकमक उडाली. ऐन वेळी एका फौजदाराच्या पिस्तुलात काडतूस अडकले. चाप ओढूनही बार निघेना, तेव्हा त्या अधिकाऱ्याने तोंडानेच ‘ठांय, ठांय’ असा आवाज काढण्यास सुरुवात केली. हे दृश्य कुणीतरी टिपले, ते देशभर पाहिले गेले आणि लोक पोटभर हसून मोकळे झाले. प्रकार हसू येण्यासारखा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हातातील पिस्तूल मुके झाल्यावरही तो फौजदार जागा सोडून पळाला नाही, ही त्याच दृश्यातील दुसरी वस्तुस्थिती होती आणि तिकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. गुन्हेगारांवर दडपण यावे म्हणून तो आवाज केला गेला आणि काडतूस अडकणे हा तांत्रिक दोष होय, असा खुलासा वरिष्ठांनी पुढे केला. ‘तांत्रिक दोष’ हा शब्दप्रयोग आपल्या सरकारी भाषेत फार सोयीचा आहे. तो एकदा उच्चारला की दोषाला कर्ता उरत नाही.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी सलामीसाठी उभ्या केलेल्या रायफलींपैकी एकही झडली नाही. विद्यमान मुख्यमंत्री समोर उभे होते. तेथे मृत्यूचा धोका कुणालाच नव्हता, म्हणून चौकशीचा आदेश निघाला आणि विषय संपला. या दोन्ही घटना अन्य राज्यांतील आहेत, आपल्याकडे तसे नाही, असे समाधान महाराष्ट्राने मानून घेऊ नये. नोव्हेंबर २००८ मधील हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबई पोलिसांच्या सज्जतेची जी चिकित्सा केली, तीत काडतुसांची टंचाई आणि तिच्यामुळे खुंटलेला गोळीबाराचा सराव यांचा स्पष्ट निर्देश होता. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याची बंदूक नुसत्या हातांनी धरून ठेवली आणि प्राण दिले. त्यांच्या शौर्याला वंदन करणे आपल्याला सोपे जाते, कारण वंदनाला अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही.

येथे विचार करावयाचा आहे तो पोलिसाच्या कमरेला असलेल्या पिस्तुलाचा. मोठ्या शस्त्रांची चर्चा बरीच होते. चिलखती गाड्या, बंदुका, गस्ती नौका यांच्या खरेदीच्या बातम्या छायाचित्रांसह छापून येतात. पिस्तूल हे त्या मानाने क्षुल्लक वाटते. वस्तुतः फौजदार आणि त्यावरील अधिकारी यांना रोजच्या कामात जे एकमेव अग्निशस्त्र सोबत असते ते हेच. ते वर्षानुवर्षे वापरावे लागत नाही आणि एखाद्या दिवशी दोन-तीन सेकंदांत त्याची गरज पडते. अशा वस्तूच्या बाबतीत तिची खरेदी हा सर्वांत सोपा भाग असतो. ती वस्तू दहाव्या वर्षी, भर पावसाळ्यात, घामेजल्या हातात चालेल की नाही, हे खरेदीच्या निविदेवरून कळत नाही.

स्वयंचलित पिस्तुलाचे काम कसे चालते हे थोडक्यात पाहिले, तर त्याची नाडी कुठे आहे ते ध्यानात येईल. गोळी सुटताच वरची स्लाइड मागे जाते. जाताना एक लहानसा आकडा रिकामी पुंगळी नळीतून ओढून काढतो व ती बाहेर उडते. मागे गेलेली स्लाइड एका दाबलेल्या स्प्रिंगच्या जोराने पुन्हा पुढे येते आणि येता येता मॅगझीनमधले वरचे काडतूस नळीत लोटते. ते काडतूस वर आणून ठेवण्याचे काम मॅगझीनमधली दुसरी स्प्रिंग करते. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते आणि त्यातील प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर अवलंबून असते. परतीची स्प्रिंग थकली की स्लाइड पुरती मिटत नाही, शिवाय मागे जाताना ती सांगाड्यावर अधिक जोराने आदळते आणि तोही झिजतो. आकड्याची धार तुटली की पुंगळी आतच राहते. मॅगझीनच्या तोंडाशी असलेले पत्र्याचे ओठ कुठे आपटून किंचित वाकले, तर काडतूस तिरपे वर येते आणि फसते. पिस्तूल अडकण्याच्या प्रकारांत दोष पुष्कळदा पिस्तुलाचा नसून या मॅगझीनचा असतो, हे शस्त्रदुरुस्ती करणारा कोणताही जुना कारागीर सांगेल.

जुनी माणसे रिव्हॉल्व्हरची तरफदारी करतात ती याच कारणाने. रिव्हॉल्व्हरात एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढावा, पुढचे घर समोर येते. हा गुण खराच आहे. तथापि रिव्हॉल्व्हरही झिजते. काडतुसांचे फिरते चक्र आणि नळी यांची रेषा जुळेनाशी झाली, की गोळी नळीत शिरताना तिचे कपचे निघतात. शिवाय पिस्तूल अडकले तर मॅगझीनला खालून थाप मारून आणि स्लाइड मागे ओढून बहुधा क्षणात मोकळे करता येते, तर रिव्हॉल्व्हरचे चक्र एकदा रुतून बसले की ते कारागिराच्या टेबलावरच सुटते. इंग्रजांच्या काळातील .३८ बोअरची एन्फील्ड रिव्हॉल्व्हरे ज्यांच्या शस्त्रागारांत अद्याप असतील, त्यांची अडचण तर निराळीच. ती बनणे थांबून साठाहून अधिक वर्षे लोटली. सुटे भाग नाहीत, म्हणून दोन मोडून एक उभे करावयाचे. हा तोडगा काही वर्षे चालतो. पुढे मोडावयास दुसरे उरत नाही.

सुट्या भागांचे महत्त्व पाहावयाचे असेल तर अमेरिकेच्या लष्कराचा अनुभव बोलका आहे. त्या लष्कराने १९११ साली .४५ बोअरचे कोल्ट पिस्तूल स्वीकारले. स्वीकारण्यापूर्वीच्या चाचणीत त्यातून सहा हजार गोळ्या झाडण्यात आल्या. फार तापले की ते पाण्यात बुडवून गार करीत आणि पुन्हा झाडीत. एवढ्यात ते एकदाही अडकले नाही, अशी नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल कोल्टखेरीज इतरांनीही बनवले. आपल्याकडील कचेऱ्यांतून ज्यांची टंकलेखन यंत्रे पिढ्यान्‌पिढ्या खडखडली, त्या रेमिंग्टन रँडने साडेआठ लाखांहून अधिक पिस्तुले तयार केली. रेल्वेचे सिग्नल बनवणारी एक कंपनी त्यात होती, आणि शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीनेही पाचशे नग बनवले. या सर्वांवर अट एकच होती, की एकाचा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलात बिनबोभाट बसला पाहिजे. युद्ध संपल्यावर लष्कराने या जातीची नवी पिस्तुले घेतलीच नाहीत. तरीही १९८५ पर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षे, तीच जुनी पिस्तुले शस्त्रशाळांत खोलून, नळ्या व स्प्रिंगा बदलून, पुन्हा जोडून वापरली गेली. कोरियात आणि व्हिएतनाममध्ये ती लढली. यात श्रेय मूळ आराखड्याला आहे, परंतु त्याहून अधिक श्रेय सुट्या भागांच्या कोठाराला आणि ते सांभाळणाऱ्या निनावी कारकुनाला दिले पाहिजे.

नंतर आलेल्या पिस्तुलाची कथा अधिक उद्बोधक आहे. १९८५ साली अमेरिकेने इटलीच्या बेरेटा कंपनीचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल निवडले. दोन-तीन वर्षांतच भलताच प्रकार घडला. काही पिस्तुलांची स्लाइड गोळी झाडतेवेळी मधोमध तुटली आणि मागचा तुकडा उडून झाडणाऱ्याच्या तोंडावर आला. नौदलाच्या खास पथकातील जवान त्यात जखमी झाले. दोष धातूचा की वाजवीपेक्षा अधिक दाबाच्या काडतुसांचा, यावर कंपनी आणि सरकार यांच्यात बराच वाद झाला. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९८८ साली या प्रकरणावर अहवालही दिला. पण वाद निकालात निघेपर्यंत लष्कर हातावर हात ठेवून बसले नाही. ठरावीक गोळ्या झाडून झाल्या की स्लाइड बदलावयाची, असा नियम झाला. पुढे एका खिळीचे डोके मोठे करून अशी व्यवस्था केली, की स्लाइड तुटलीच तरी तुकडा मागे उडू नये.

या हकिगतीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट पिस्तूल तुटले ही नव्हे. यंत्रे तुटतातच. ठरावीक गोळ्यांनंतर भाग बदलावयाचा, तर प्रत्येक पिस्तुलाने किती गोळ्या झाडल्या याची नोंद हवी. ती नोंद ठेवणे शक्य होते म्हणूनच तसा नियम करता आला. पुढे २००३ नंतर इराकच्या वाळवंटात याच पिस्तुलाविषयी तक्रारी आल्या, तेव्हा शोधाअंती बोट मॅगझीनकडे वळले. त्यांवरील खडबडीत लेपात बारीक वाळू बसे आणि स्प्रिंग काडतूस वर लोटीनाशी होई. पिस्तूल न बदलता मॅगझीने बदलली. २०१७ साली अमेरिकेने बेरेटाच्या जागी सिग सॉअर कंपनीचे पिस्तूल निवडले. त्याच वर्षी त्या कंपनीला, आपल्या त्याच घराण्यातील पिस्तूल हातातून पडले असता आपोआप झडते अशा तक्रारी आल्यावरून, गिऱ्हाइकांच्या पिस्तुलांत सुधारणा करून देण्याची योजना जाहीर करावी लागली. नवे आणि महाग म्हणजे निर्दोष, या समजुतीला यातून काय उत्तर मिळते ते वाचकांनीच ठरवावे.

आपल्याकडील परिस्थिती अमेरिकेच्या अगदी उलट आहे, आणि येथेच परदेशी माहितीपुस्तिका जशीच्या तशी उचलण्यातला धोका आहे. त्या पुस्तिका गोळ्या मोजतात. परतीची स्प्रिंग तीन ते पाच हजार गोळ्यांनंतर बदलावी, असे बहुतेक उत्पादक सांगतात. आपल्या पोलिसाचे पिस्तूल वर्षाकाठी मूठभर गोळ्या झाडते. त्या हिशेबाने एका स्प्रिंगला अधिकाऱ्याची सारी नोकरी पुरावी! प्रत्यक्षात आपले पिस्तूल वापराने झिजत नाही, ते पडून खराब होते. कोकणात आणि मुंबईत चार महिने हवेतच पाणी असते. चामड्याच्या खोळीत ओल धरून राहते आणि पिस्तुलाच्या ज्या बाजूला चामडे चिकटलेले असते तिथे आधी तांबेरा चढतो. काडतुसांच्या पितळेवर हिरवे कीट धरते. ग्रीज वर्षभर तसेच राहिले की त्यात धूळ मिसळून त्याचा राळेसारखा चिकटा होतो आणि तो ज्या आकड्याने चपळाईने हलावयाचे त्याच्या मुळाशी जाऊन बसतो. दसऱ्याला पोलीस मुख्यालयांतून शस्त्रपूजन होते, त्या निमित्ताने शस्त्रे खोलून पुसली जातात, तेल-पाणी होते. परंपरेचा हा उपकार मानलाच पाहिजे. पण खंडेनवमी वर्षातून एकदा येते आणि ती नेमकी पावसाळा संपल्यावर येते. जून लागण्यापूर्वीची तपासणी कोणत्याच पंचांगात नाही.

एक बारीक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. पाळी संपली की पिस्तूल रिकामे करून शस्त्रागारात द्यावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून घ्यावयाचे, हा शिरस्ता आहे आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने तो योग्यही आहे. मात्र नळीत काडतूस चढवून पिस्तूल बाळगले जाते तेथे, रोज रिकामे करताना आणि भरताना, वरचे तेच ते काडतूस नळीत जाते आणि बाहेर निघते. प्रत्येक वेळी गोळीचे टोक पोलादी उतरणीवर आपटते. असे पुष्कळदा झाले की गोळी पुंगळीत आत सरकते. आतली जागा कमी झाली की दारूचा दाब वाढतो, आणि ते काडतूस ज्या दिवशी झाडले जाईल त्या दिवशी पिस्तुलाला इजा होऊ शकते. यावर उपाय अगदी सोपा आहे. वरचे काडतूस अधूनमधून बदलावे आणि आत सरकलेली दिसतील ती बाजूला काढावी. याउलट, मॅगझीन भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते, ही समजूत सर्वत्र ऐकू येते. चांगल्या पोलादाची स्प्रिंग दाबून ठेवल्याने सहसा मरत नाही, वारंवार दाबून सोडल्याने थकते. अर्थात स्वस्त पोलादाची स्प्रिंग कशानेही मरते, ही गोष्ट निराळी.

हे उपाय सोपे आहेत, मग ते होत का नाहीत? कारण काडतूस ही आपल्याकडे वापरण्याची वस्तू नसून हिशेब देण्याची वस्तू आहे. चांदमारीच्या मैदानावर गोळ्या झाडून झाल्या की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत कराव्या लागतात. काडतुसे चोरवाटेने बाहेर जाऊ नयेत म्हणून हा बंदोबस्त आवश्यक आहे, त्याला कुणाचीच हरकत असू नये. पण त्याचा परिणाम असा होतो, की नेम चुकल्याचा जाब कुणी विचारीत नाही आणि एक पुंगळी गवतात हरवली तर मात्र खुलासा मागितला जातो. ज्या खात्यात पुंगळीला एवढी किंमत आहे, त्या खात्यात जुनी काडतुसे सरावात संपवून नवी बाळगावीत, हा शहाणपणा रुजणे कठीण. कमरेची काडतुसे मग वर्षानुवर्षे तीच राहतात. ती चालतील की नाही हे ठाऊक करून घेण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे ती झाडणे, आणि तोच मार्ग हिशेबाने बंद केलेला असतो.

यातील विसंगती महाराष्ट्राच्या बाबतीत विशेष डोळ्यांत भरते. लहान शस्त्रांची काडतुसे बनवणारा खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा आहे. खानदेशातील वरणगावच्या कारखान्यातही तीच बनतात. सरकारी आयुध कारखान्यांच्या ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपन्या करण्यात आल्या, तेव्हा दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यालाच आले. ज्या राज्याच्या अंगणात काडतुसे बनतात, त्या राज्याच्या राजधानीतील पोलिसांना सरावाला काडतुसे नव्हती, असे २००८ नंतर चौकशी समितीला लिहावे लागले. काडतुसांचा कारखाना केंद्राचा, मागणी राज्याची, मंजुरी गृहखात्याची आणि पैसा वित्तखात्याचा. या चार दारांतून फिरता फिरता काडतूस पोलिसाच्या हाती पडायला वर्ष उलटले, तर आश्चर्य कसले?

पैसा नाही ही सबब येथे पुरेशी नाही. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची केंद्रीय योजना १९६९-७० पासून चालू आहे. देशाच्या महालेखापरीक्षकांनी निरनिराळ्या राज्यांतील तिच्या अंमलबजावणीवर वेळोवेळी ताशेरे ओढले आहेत, आणि त्यांत शस्त्रांचा तुटवडा व अपुरा सराव यांच्या जोडीला निधी न वापरता पडून राहिल्याचाही उल्लेख पुनःपुन्हा येतो. अडचण आहे ती खर्चाच्या स्वरूपाची. नवे पिस्तूल घेतले की त्याचे उद्‌घाटन करता येते. स्प्रिंगचे उद्‌घाटन करता येत नाही. पिस्तुलाच्या किमतीच्या मानाने तिची किंमत नगण्य असते, पण ती परदेशी पिस्तुलाची असेल तर तिच्यासाठी पुन्हा आयातीची सारी कागदपत्रे करावी लागतात. म्हणून पिस्तूल मागवतानाच त्याच्या आयुष्यभराच्या स्प्रिंगा, आकडे, आघाताच्या पिना आणि प्रत्येकी चार-पाच मॅगझीने त्याच निविदेत मागवली पाहिजेत. घर बांधताना कौले चार जास्त आणून माळ्यावर टाकावीत, हे खेड्यातील गवंड्यालाही कळते, कारण पुढच्या वर्षी त्याच साच्याची कौले मिळतील याची त्याला खात्री नसते. शिवाय एका जिल्ह्यात पाच जातींची पिस्तुले असली, तर भाग पाच जातींचे ठेवावे लागतील. अमेरिकेने नवे पिस्तूल शोधावयास घेतले त्यामागचे एक कारण हेच होते, की त्यांच्या निरनिराळ्या दलांत वीस-पंचवीस प्रकारची पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे साचली होती.

या मुद्द्यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि त्याचा विचार केला पाहिजे. पोलिसाने बंदुकीवर भिस्त ठेवूच नये, त्याचे पिस्तूल जितके कमी चालेल तितके लोकशाहीच्या हिताचे, मग ते उत्तम स्थितीत असण्याची एवढी चिंता का वाहावी, असे म्हणणारे आहेत. चकमकींच्या नावाखाली जे घडले आहे ते आठवले म्हणजे या शंकेला आधार नाही असे म्हणवत नाही. ब्रिटनमध्ये बहुसंख्य पोलीस पिस्तुलाविना गस्त घालतात. तो एक सरळ मार्ग आहे, आणि तो पत्करावयाचा तर उघडपणे पत्करावा. पिस्तूल द्यावयाचे, पण ते चालेल याची हमी द्यावयाची नाही, हा मात्र दोन्हीकडून घातक प्रकार आहे. ज्याला आपल्या शस्त्राची खात्री असते तो थांबू शकतो, हाक मारू शकतो, समोरच्याला शरण येण्यास क्षणभर वाव देऊ शकतो. ज्याला खात्री नसते तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस लवकर चाप ओढतो. न चाललेले पिस्तूल गडबडीत हाताळताना भलत्याच दिशेने झडले, तर रस्त्यावरच्या निरपराध माणसाचे काय, हाही प्रश्न आहेच.

दुय्यम शस्त्राचा विचारही आपल्याकडे होत नाही. एप्रिल १९८६ मध्ये अमेरिकेतील मायामी शहरात एफबीआयचे एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात जी चकमक झाली, तिचा अभ्यास जगभरच्या पोलीस प्रशिक्षणात होतो. त्यात मोटारींच्या टकरीच्या वेळी एका एजंटाचे रिव्हॉल्व्हर निसटून हरवले आणि तो सोबतच्या दुसऱ्या लहान रिव्हॉल्व्हरने लढला. दुसऱ्या एका एजंटाच्या पिस्तुलावरच गोळी लागून ते निकामी झाले. त्या दिवशी दोन एजंट प्राणास मुकले. आपल्या प्रत्येक फौजदाराला दोन पिस्तुले द्यावीत, अशी मागणी येथे करावयाची नाही. ती परवडणारीही नाही आणि इष्टही नाही. पण तीन-चार जणांच्या पथकात सर्वांची शस्त्रे एकाच जातीची असावीत, म्हणजे एकाचे मॅगझीन दुसऱ्याला चालेल, आणि ठाण्याच्या शस्त्रागारात तपासून ठेवलेली एक-दोन पिस्तुले राखीव असावीत, एवढी अपेक्षा गैरवाजवी ठरू नये.

राखीव पिस्तुलाची गरज तर आता कायद्यानेच उत्पन्न केली आहे. मुंबईतील चकमकींवरून उद्‌भवलेल्या ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये जे दंडक घालून दिले, त्यांत चकमकीनंतर संबंधित पोलिसांनी आपली शस्त्रे न्यायवैद्यक तपासणीसाठी स्वाधीन करावीत, असा एक दंडक आहे. तो योग्यच आहे. परंतु शस्त्र प्रयोगशाळेत गेले, तिथे रांगेत पडले आणि पुढे खटल्यातील मुद्देमाल झाले, की ते कधी परत येईल याचा नेम नसतो. त्या काळात त्या अधिकाऱ्याच्या कमरेला कोणते पिस्तूल असावे आणि ते कुणी तपासलेले असावे, हे न्यायालयाने सांगावयाचे नसते. ते खात्याने ठरवावयाचे असते.

सरकारी जीपला लॉगबुक असते. कोणत्या दिवशी किती किलोमीटर, किती लिटर, तेल कधी बदलले, टायर कधी, हे सारे त्यात लिहिले जाते आणि न लिहिल्यास चालकाच्या पगारातून वसुली निघू शकते. पिस्तुलाला क्रमांक असतो, साठा नोंदवहीत त्याची एक ओळ असते, आणि त्या ओळीतून एवढेच कळते की ते हरवलेले नाही. प्रत्येक पिस्तुलाचे एक कार्ड करावे: केव्हा खोलले, कोणती स्प्रिंग केव्हा बदलली, वर्षात किती गोळ्या झाडल्या, किती वेळा अडकले. यातला शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आणि भरून घेण्यास सर्वांत अवघड. कारण पिस्तूल अडकले असे शिपायाने सांगितले, की ‘तू नीट पुसले नाहीस’ हा पहिला जबाब त्याच्याकडूनच घेतला जाईल, ही भीती त्याला वाटते. अडकल्याची नोंद करणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे लेखी परिपत्रक निघेपर्यंत तो रकाना कोराच राहील. मॅगझिनांवर रंगाने क्रमांक टाकावेत, म्हणजे एकच मॅगझीन वारंवार अडकते का ते कळेल. याला एक कुंचला आणि रंगाचा एक डबा पुरतो.

या बाबतीत सरकारला आकडे विचारण्याचे काम विधिमंडळाच्या सदस्यांचे आहे. येत्या अधिवेशनात कुणी तारांकित प्रश्न द्यावा: राज्यातील प्रत्येक जिल्हा मुख्यालयात शस्त्रदुरुस्तीच्या कारागिरांची मंजूर पदे किती आणि त्यांतील भरलेली किती, गेल्या तीन वर्षांत पिस्तुलांच्या सुट्या भागांवर झालेला खर्च किती, आणि त्याच तीन वर्षांत दर अधिकाऱ्यामागे सरावासाठी प्रत्यक्ष दिलेली काडतुसे किती. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे उत्तर आल्यास, प्रश्न पुढच्या अधिवेशनात पुन्हा द्यावा.